न थांबलेली हाक

एका गावात एक नवरा होता. नवरे सगळ्याच गावांत असतात, पण हा नवाकोरा होता, आणि खाडीच्या मुखाशी वसलेल्या त्या गावात नव्या नवऱ्याला एक मान मिळत असे. हाक द्यायचा मान.

तिथल्या बायका ओहोटीला खडपावर कालवं काढायला जात. खडप म्हणजे पाण्यात शिरलेला काळा, कातरा खडक. भरतीला तो दिसत नसे, ओहोटीला उघडा पडे. कालवं त्याला घट्ट चिकटलेली असत. कमरेत वाकायचं, लोखंडी टोच्याने शिंपलं फोडायचं, आतलं कालव टोपलीत टाकायचं आणि पुन्हा वाकायचं. मान वर करायला सवड नसे. केली तरी उपयोग नसे, कारण तिथलं पाणी समोरून येतच नसे. खडप आणि किनारा यांच्यामध्ये एक खोलगट चर होता. भरती लागली की पाणी आधी त्या चरात शिरे, बायकांच्या पाठीमागून. समोर समुद्र लांब आणि निवांत दिसत राही, आणि मागे परतीची वाट बुडत असे.

म्हणून किनाऱ्यावरच्या उंच धोंड्यावर एक माणूस उभा राही. चरावर नजर ठेवायची आणि थोड्या थोड्या वेळाने हाक द्यायची, एवढंच त्याचं काम. "आहे गोऽऽ!" म्हणजे, मी आहे, बघतोय, तुमचं चालू द्या. खडपावरून बायका ओ देत, "आहोऽऽत!" पाणी चरात शिरलं की त्याने ओरडायचं नाही, हातवारे करायचे नाहीत. फक्त गप्प व्हायचं. हाक थांबली की बायका टोपल्या उचलून निघत.

ही रीत ज्याने घातली तो माणसं ओळखून असणार. वाऱ्यात शब्द फाटून जातात, शांतता फाटत नाही. शिवाय हाक देणाऱ्याला चक्कर आली, डुलकी लागली, अगदी तो जागेवर मरून पडला, तरी हाक थांबतेच. धोंड्यावरचा माणूस कितीही कुचकामी निघो, बायका वाचाव्यात, अशी ती सोय होती. त्या गावात खडपावर कुणी बुडाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात ही हाक नवऱ्याने द्यायची असे. नव्या सुनेला खडप नवं, पाणी नवं, सोबतच्या बायका नव्या. निदान आवाज तरी ओळखीचा असावा, एवढाच त्यामागचा विचार.

ह्या नवऱ्याचं नाव रुपेश. बायकोचं दर्शना. ती घाटावरची. तिच्या माहेरी पाणी विहिरीत राही आणि आपली जागा सोडत नसे. इथलं पाणी रोज घर सोडून जायचं आणि रोज परत यायचं, याचंच तिला आधी नवल वाटलं. घरात तिसरी रुपेशची आई, द्वारकाबाई. तिने सुनेला टोचा कसा धरायचा ते शिकवलं, शेवाळावर पाय कुठे ठेवू नये ते शिकवलं, आणि सांगितलं, "पाण्याकडे बघू नको गो. घाबरशील. हाक ऐक. हाक आहे तोवर आपण आहोत."

रुपेश वाईट नव्हता. दारू नाही, तोंडात शिवी नाही, बायकोवर आवाज चढवणं नाही. फक्त तो जिथे बसलेला असे तिथे नसे. त्याच्या हातात फोन असे आणि तो फोनात असे. जेवताना डावा हात फोनाचा, उजवा भाताचा. काही विचारलं की "हं" म्हणे. त्याच्या "हं"चे बरेच प्रकार होते आणि नव्या बायकोने ते महिन्याभरात ओळखायला शिकून घेतले होते. एकाचाही अर्थ 'ऐकलं' असा होत नव्हता.

एकदा तिने गंमत म्हणून सांगून पाहिलं, "मी माहेरी चालले. परत येणार नाही."

"हं," तो म्हणाला. "येताना दही आण."

दर्शना हसली. नव्या संसारात माणूस बऱ्याच गोष्टींना हसतो. सासूही हसली, पण जरा कमी.

फोनात मात्र तो बायकोला फार जपे. तिचे फोटो काढी, त्यांना रंग देई, खाली दोन ओळी लिही. हळदीचा फोटो, उखाणा घेतानाचा फोटो, पहिल्यांदा समुद्र बघतानाचा फोटो. समुद्र बघून तिला काय वाटलं, हे विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

हंगाम सुरू झाला. पहिले काही दिवस रुपेशने नीट हाक दिली. मग त्याला कंटाळा आला. एखादा व्हिडिओ ऐन रंगात आला की हाकेची वेळ होई. हाक देऊन परत खाली बघेपर्यंत धागा तुटे. पाणी तर काही करत नव्हतं. ओहोटीचं पाणी बघत बसणं म्हणजे बंद दुकानाकडे बघत बसणं, असं तो दोस्तांना म्हणे.

मग त्याला एक युक्ती सुचली. त्याने आपली हाक फोनात भरून घेतली. ठरावीक वेळाने ती आपोआप वाजेल अशी तजवीज केली. लग्नात हळदीच्या नाचासाठी आणलेला मोठा स्पीकर धोंड्याच्या आडोशाला ठेवला, फोन त्याला बिनतारी जोडला, आणि सावलीत पाय पसरून बसला. आता हाकेचं काम स्पीकर करी आणि रुपेशचे डोळे मोकळे झाले. ते त्याने फोनाला दिले.

त्याच्या दोस्तांनी ते पाहिलं आणि पोट धरून हसले.

"काय डोकं आहे रे! आता घसा बसायचा नाही."

"वहिनींना नको सांगू. त्यांना वाटतंय, नवरा उन्हात तापतोय."

कुणी त्याला अडवलं नाही. भरतीची वेळ फोनात दिसतेच की, असं तो म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं. फोनात दिसते ती गोष्ट पटतेच.

खडपावर कुणाला कळलं नाही. आवाज त्याचाच होता. उलट आता हाक जास्त लांब ऐकू येई, आणि कधी चुकत नसे. हाक भरताना शेवटी त्याला ठसका लागला होता. तोही हाकेबरोबर भरला गेला होता. "आहे गोऽऽ!" आणि मागोमाग एक खोकला. दर वेळी.

"त्याला खोकला झालाय गो," द्वारकाबाई टोचा थांबवून म्हणाली. "उन्हात घसा सुकतोय पोराचा."

त्या संध्याकाळी तिने आलं, गवती चहा आणि गूळ घालून काढा उकळला आणि लेकाच्या हातात दिला. त्याने तो फोनातून मान वर न काढता प्यायला. कशाचा आहे, कशासाठी आहे, काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी खडपावर पुन्हा तोच खोकला ऐकू आला. द्वारकाबाईने काढ्यात मिरी वाढवली.

शेजारची चंद्राआत्या या कामात म्हातारी झालेली. ती एकदा म्हणाली, "पूर्वी हाक देणारे थकायचे. उन्हं चढली की आवाज खाली यायचा. तुझा नवरा काही थकत नाही हो."

दर्शनाला ती स्तुती वाटली. तिचा ऊर भरून आला. घरात हा माणूस नीट ओ देत नाही, पण इथे न चुकता आपल्याला हाक घालतो, असं तिच्या मनात आलं. घरात जे मिळत नव्हतं ते तिला खडपावर मिळत होतं. ती प्रत्येक हाकेला सगळ्यांत मोठ्याने ओ देई. "आहोऽऽत!" तिकडे ती ऐकायला कुणी नव्हतं.

मग अमावास्येचं उधाण आलं. उधाणाला ओहोटी दूरवर जाते आणि खडप एरवीपेक्षा जास्त उघडं पडतं. कालवं भरपूर मिळतात, पण पाणी परत येतं तेही धावत. त्यात त्या दिवशी समुद्रावरून वारा सुटला होता. अशा वाऱ्यात भरती ठरल्या वेळेची वाट बघत नाही. फोनातली वेळ मात्र तीच होती.

द्वारकाबाई आणि दर्शना खडपाच्या पार टोकाला गेल्या होत्या. चंद्राआत्या गुडघ्यांमुळे अलीकडेच, चराच्या जवळ बसली होती. बाकीच्या बायका त्या दिवशी गावातल्या एका बारशाला गेल्या होत्या.

सकाळी निघतानाच रुपेशने दर्शनाचा फोटो काढला होता. डोक्यावर टोपली, कमरेला खोचलेलं लुगडं, मागे खाडी. फोटो त्याने चढवला आणि खाली लिहिलं, 'माझी लक्ष्मी कामाला निघाली.' लोकांना तो फार आवडला. कुणी लिहिलं, जोडा शोभतो. कुणी लिहिलं, नशीबवान आहेस, जप तिला. रुपेश प्रत्येकाला उत्तर देत होता. 'मनापासून आभार.' 'हो, जपतो.' 'हो हो, जपतोच.'

तेव्हा पाणी चरात शिरलं.

"आहे गोऽऽ!" स्पीकर म्हणाला आणि खोकला.

टोकावर द्वारकाबाईने पाय उचलून दुसऱ्या दगडावर ठेवला. "दर्शना, दगड ओला झालाय गो. उठूया का?"

"हाक चालू आहे की, आई," दर्शना म्हणाली. "एवढी टोपली भरूया. ते बघतायत."

द्वारकाबाईने एकदा किनाऱ्याकडे पाहिलं. धोंड्याजवळ लेकाची आकृती दिसत होती. हाक येत होती. आयुष्यभर तिने हाकेवर विश्वास ठेवला होता आणि हाकेने तिला कधी फसवलं नव्हतं. ती पुन्हा वाकली.

चंद्राआत्याच्या टाचांना पाणी लागलं तेव्हा तिने मागे पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने टोकाकडे तोंड करून हाका मारल्या, पण वारा उलटा होता. मग ती चरात उतरली. छातीपर्यंतचं पाणी कापत, धडपडत ती किनाऱ्याला लागली आणि निथळत रुपेशच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"अरे मेल्या, पाणी!"

"हं," रुपेश म्हणाला. "थांब जरा, आत्या."

आत्याने ओल्या हाताने त्याच्या हातावर फटका मारला. फोन वाळूत पडला. तेव्हा रुपेशने त्या दिवशी पहिल्यांदा खाडीकडे पाहिलं. चर राहिला नव्हता. खडपही निम्मं गेलं होतं. टोकावर दोन वाकलेल्या पाठी तेवढ्या दिसत होत्या.

तो धावला. पाण्यात शिरून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडायला लागला, "आई! दर्शना! परत या! परत या!"

आणि त्याच्या पाठीमागून, त्याच्याच आवाजात, शांतपणे हाक आली, "आहे गोऽऽ!"

आत्या वाळूत फोन उचलून धरून उभी होती. तिने त्यावर बोटं दाबली, तो हलवला, पदराने पुसला. तो बंद कसा करतात ते तिला माहीत नव्हतं. शेवटी तिने तो दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरला, रडणाऱ्या मुलाला दाबून धरावं तसा. पण आवाज फोनातून येत नव्हता. स्पीकर धोंड्यामागे होता, आणि तिथे स्पीकर आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

एव्हाना टोकावरच्या दोघींनी मान वर केली होती. दर्शनाला एकाच माणसाचे दोन आवाज ऐकू येत होते. एक सांगत होता, चालू द्या. दुसरा काहीतरी किंचाळत होता, ते वाऱ्याने फाटलं होतं. ह्यातला आपला नवरा कोणता, हे ठरवायला तिला एक क्षण लागला. पाणी त्या क्षणासाठी थांबलं नाही.

सासूने तिचं मनगट पकडलं आणि दोघी चराकडे निघाल्या. तिथे आता ओढ होती. दर्शनाला पोहता येत नव्हतं. सासूला येत होतं. एकटी असती तर ती सहज पार झाली असती. तिने दोघींच्या टोपल्या फेकून दिल्या, सुनेला पुढे घेतलं आणि मागून ढकलत राहिली. समोरून रुपेश पोहत आला. त्याच्या हाताला बायकोचा हात लागला. तो त्याने धरला. त्यामागे आईचा हात होता. तो धरायला गेला तेव्हा तिथे पाणी होतं.

"आहे गोऽऽ!" किनाऱ्यावरून आवाज आला. ह्या वेळी कुणी ओ दिली नाही.

द्वारकाबाई पुढच्या ओहोटीला सापडली, पलीकडच्या तिवरांच्या झाडीत. तिच्या कमरेला टोचा तसाच खोचलेला होता.

गावाने रुपेशला काही केलं नाही. पोलीस आले, पंचनामा झाला, भरतीत बुडून मृत्यू असं लिहून घेतलं. ते खोटं नव्हतं. जे दोस्त हसले होते ते तिरडी बांधायला सगळ्यांच्या पुढे होते. भेटायला येणाऱ्यांना रुपेश सांगत राही की फोनात भरतीची वेळ वेगळी होती, अजून निदान तासभर होता. लोक "हं" म्हणत.

दर्शना काही बोलली नाही. लोकांना वाटलं, धक्का बसलाय. चंद्राआत्या एकदा तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "बोल गो काहीतरी. मनात ठेवू नको."

तेव्हा ती म्हणाली, "आत्या, त्या उठत होत्या. मीच म्हटलं, ते बघतायत."



पुढचा हंगाम आला. घर चालवायचं तर खडपाला पर्याय नव्हता. त्या वर्षी गावात दुसरं लग्न झालं नव्हतं, म्हणून हाक रुपेशकडेच राहिली होती. पण रुपेश धोंड्यावर उभा राहिला की बायका किनाऱ्यावरच बसून राहत. कुणी त्याला टाकून बोललं नाही. त्या नुसत्या बसून राहत, पदर सारखे करत, गप्पा मारत, तो उतरेपर्यंत. फोन त्याने कधीच फेकून दिला होता. रिकामे दोन्ही हात तो सगळ्यांना दिसतील असे धरून उभा राही. तरी त्या उठल्या नाहीत.

एक दिवस दर्शना टोपली आणि टोचा घेऊन त्याच्यासमोर आली. दोन्ही त्याच्या हातात दिले.

"तुम्ही जा खडपावर," ती म्हणाली. "हाक मी देते."

बाप्याने कालवं काढायची त्या गावात पद्धत नव्हती. पण तो गेला. बाकीच्या बायकाही उठल्या आणि गेल्या. दर्शना धोंड्यावर चढली. चरावर नजर लावून तिने हाक दिली, "आहे होऽऽ!" आवाज कोवळा होता, पण स्वच्छ होता. बायकांनी ओ दिली आणि वाकून कामाला लागल्या.

रुपेश वाकला. टोचा हातात धरला. आणि लगेच मान वळवून त्याने किनाऱ्याकडे पाहिलं. ती उभी होती. तो पुन्हा वाकला. पुन्हा त्याला वाटलं, पाठीमागे पाणी आलं असेल. पुन्हा त्याने पाहिलं. हाक वेळेवर येत होती, पण हाक आल्याने त्याचं भागेना. हाक म्हणजे काय असू शकतं, हे त्या गावात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकांच्या टोपल्या भरत आल्या. त्याच्या टोपलीत फुटके शिंपले होते आणि बोटांतून रक्त येत होतं.

"खाली बघ रे बाबा," चंद्राआत्या म्हणाली. "ती बघतेय."

"कशावरून?" रुपेशने विचारलं.

त्याने पुन्हा मान वळवली. दर्शना धोंड्यावर ताठ उभी होती, ऊन तोंडावर घेऊन, पापणी न हलवता. ती चराकडे बघत होती, जिथे बघायचं तिथे. दिवसभरात तो कितीदा तरी वळला. तिची नजर एकदाही त्याच्याकडे आली नाही.

तात्पर्य: जो जवळ नाही, त्याच्या भरवशावर कुणी पाण्यात उतरत नाही, माणसं बुडतात ती जवळ बसूनही हजर नसलेल्याच्या भरवशावर. म्हणून घरच्यांना 'मी आहे' म्हणायचं असेल तर आधी हातातला फोन खाली ठेवावा आणि मान वर करावी. ते जमणार नसेल तर निदान गप्प राहावं, म्हणजे घरची माणसं आपापली वाट वेळेवर धरतील.